तारापूरची चावी: पहिल्या दोन अणुभट्ट्यांचं प्रकरण

बोईसर स्टेशनात उतरून पहिल्यांदाच तारापूरकडे जाणारा माणूस घुमट शोधत असतो. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रांमुळे अणुवीज केंद्र म्हटलं की डोळ्यांसमोर घुमटच येतो. तसे घुमट इथे आहेत, पण ते ३ आणि ४ क्रमांकाच्या नव्या भट्ट्यांचे. १ आणि २ क्रमांकाची इमारत सरळ चौकोनी आहे, जुन्या कापड गिरणीच्या गोदामासारखी, आणि तिच्या बाजूला धूर न सोडणारी उंच चिमणी. दोन्ही भट्ट्या या एकाच इमारतीत, पाठीला पाठ लावून बसवलेल्या. ही रचना कशी झाली आणि पुढे तिचे काय परिणाम झाले, हा या प्रकरणाचा बराचसा भाग आहे.

एक गैरसमज आधीच दूर करतो. तारापूरला 'आशियातलं पहिलं अणुवीज केंद्र' म्हणायची पद्धत पडली आहे. भारतातलं ते पहिलंच. पण जपानचं तोकाई केंद्र १९६६ मध्येच व्यापारी वीज देऊ लागलं होतं आणि तारापूरची वीज ऑक्टोबर १९६९ मधली आहे. तारापूरचं महत्त्व पहिलेपणात नाहीच. एका गरीब देशाने अख्खं केंद्र विकत घेतलं आणि विकणाऱ्याने पाठ फिरवल्यावरही ते चालवत ठेवलं, हे त्याचं महत्त्व.

जागा आणि सौदा

पन्नासच्या दशकाच्या शेवटी मुंबई आणि अहमदाबादच्या गिरण्यांना वीज कमी पडू लागली होती. कोळसा यायचा आठ-नऊशे किलोमीटरवरून, मालगाड्यांच्या भरवशावर. पश्चिम किनाऱ्यावर अणुवीज परवडेल, असा होमी भाभांचा हिशोब या वाहतुकीवरच उभा होता. मुंबईच्या उत्तरेला साधारण शंभर किलोमीटरवर, काळ्या पाषाणाचा पाया आणि समोर समुद्र असलेली जागा त्यांना मिळाली. १९६० मध्ये मुंबई राज्याची दोन राज्यं झाली होती आणि तारापूर नव्या सीमेच्या जवळ होतं. वीज दोघांना निम्मी-निम्मी देता येणार होती, तशी ती दिलीही.

इथे एक विसंगती आहे. भाभांच्या तीन टप्प्यांच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचा पहिला टप्पा नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्यावर (साध्याऐवजी जड हायड्रोजन असलेल्या पाण्यावर) आधारलेला होता. त्यात इंधन समृद्ध करावं लागत नाही, म्हणजे युरेनियममधला सहज भंगणारा हिस्सा वाढवावा लागत नाही, आणि कुणापुढे हात पसरायची वेळ येत नाही. आणि देशाचं पहिलं केंद्र मात्र घेतलं ते समृद्ध युरेनियमवर चालणारं, साध्या पाण्याचं, अमेरिकन. कारणं व्यवहाराची होती. जगभरातून आलेल्या निविदांमध्ये जनरल इलेक्ट्रिकची उकळत्या पाण्याची भट्टी स्वस्त होती आणि लवकर उभी राहणार होती. अमेरिकन सरकार सुमारे आठ कोटी डॉलरचं सवलतीचं कर्ज देणार होतं. अणुवीज परवडते हे दिल्लीला एकदा दाखवून दिलं की पुढच्या स्वदेशी केंद्रांची वाट मोकळी होईल, असा विचार त्यामागे होता. थोडक्यात, दुकान चालतं हे दाखवायला पहिला माल बाहेरून आणला.

ऑगस्ट १९६३ मध्ये भारत-अमेरिका करार झाला. अमेरिका तीस वर्षं समृद्ध युरेनियम पुरवणार आणि केंद्र त्याच इंधनावर चालणार. १९६४ मध्ये जनरल इलेक्ट्रिकला कंत्राट मिळालं, बांधकाम बेक्टेल कंपनीकडे गेलं. कंत्राट टर्न-की, म्हणजे सगळं उभं करून देतो, तुम्ही फक्त चावी फिरवा. फेब्रुवारी १९६९ मध्ये चार आठवड्यांच्या अंतराने दोन्ही भट्ट्यांत साखळी क्रिया सुरू झाली. २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी वीज मिळू लागली आणि १९ जानेवारी १९७० रोजी इंदिरा गांधींनी केंद्र देशाला अर्पण केलं. भाभा ते पाहायला नव्हते, जानेवारी १९६६ मध्ये माँ ब्लाँवरच्या विमान अपघातात ते गेले.

समुद्राशी रोजची देवघेव

किनाऱ्यावर केंद्र का, याचं उत्तर एका साध्या गणितात आहे. मूळ रचनेत प्रत्येक भट्टी सुमारे ६६० मेगावॉट उष्णता निर्माण करायची आणि त्यातून २१० मेगावॉट वीज मिळायची. उरलेली साडेचारशे मेगावॉट उष्णता कुठेतरी टाकायलाच हवी. ती कंडेन्सरच्या, म्हणजे वापरलेल्या वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्राच्या, नळ्यांतून समुद्राच्या पाण्याला दिली जाते. हे पाणी दहा अंशांनी तापू द्यायचं ठरवलं, तर सेकंदाला अकरा हजार लिटर पाणी लागतं. सोसायटीत उन्हाळ्यात येणारा दहा हजार लिटरचा टँकर आठवा. असा एक भरलेला टँकर दर सेकंदाला, रात्रंदिवस, एकेका भट्टीसाठी. समुद्राशिवाय हे परवडत नाही.

पण हा समुद्र गुणी नाही. या पट्ट्यात भरती-ओहोटीतला फरक उधाणाला पाच मीटरच्या आसपास जातो आणि किनारा उथळ उताराचा आहे. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत पाणी फारसं हलत नाही, उधाणाच्या ओहोटीला मात्र ते इतकं मागे सरतं की खडकांवर पोरं खेकडे पकडतात. पंपांना याचं सोयरसुतक नसतं, त्यांना पाणी सदैव हवं. म्हणून आत येणारा कालवा, त्यातला गाळ उपसणं, जाळ्या आणि फिरत्या चाळण्या आल्या. पाण्याबरोबर मासळी येते, जेलीफिश येतात, शेवाळ येतं. नळ्यांच्या आतून कालवं आणि शिंपले घर करतात, म्हणून क्लोरीन सोडावा लागतो. वीज केंद्राचं हे खातं कुणी पाहुण्यांना दाखवत नाही, पण किनाऱ्यावरच्या कोणत्याही केंद्राचा जीव तिथेच असतो.

उकळत्या पाण्याच्या भट्टीत याला आणखी एक धार आहे. भट्टीतच पाण्याची वाफ होते, तीच टर्बाइन फिरवते, तीच कंडेन्सरमध्ये पुन्हा पाणी होऊन भट्टीत परत जाते. या मुख्य वाफेच्या वाटेत मध्ये दुसरा फेरा नाही. कंडेन्सरमध्ये नळीच्या एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला थेट भट्टीत जाणारं पाणी, मध्ये फक्त नळीची पातळ भिंत. कंडेन्सर निर्वात असतो, त्यामुळे नळीला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी खारं पाणी आत ओढलं जातं. मिठातला क्लोराइड आणि ताणाखालचं तापलेलं स्टेनलेस स्टील यांचं वैर जुनं आहे. पोलादात केसासारख्या भेगा जातात, त्याही जोडाजवळ, जिथे सहज दिसणार नाहीत. म्हणून कंट्रोल रूममध्ये पाण्याची विद्युतवाहकता दाखवणाऱ्या काट्यावर सतत नजर असते. काटा किंचित वर सरकला की कंडेन्सरचा कोणता भाग बंद करायचा, पाणी शुद्ध करणारी राळ किती वेळ तग धरेल, वीज किती उतरवायची, हे ठरवायचं. जड पाण्याच्या भट्टीत हाच समुद्र गळला तर तो भट्टीपर्यंत पोचत नाही, मध्ये बाष्पजनित्र, म्हणजे भट्टीतल्या पाण्याच्या उष्णतेने वेगळ्या पाण्याची वाफ करणारं यंत्र, आडवं असतं. खाऱ्या पाण्याशी असा थेट शेजार करणारं दुसरं केंद्र भारताने पुन्हा बांधलं नाही.

२१० चे १६० का झाले

तारापूरची रचना दुहेरी फेऱ्याची होती. त्या काळातली ही एक युक्ती. मुख्य वाफ भट्टीतून सरळ टर्बाइनला जायची. शिवाय भट्टीत फिरणारं गरम पाणी दुय्यम बाष्पजनित्रांच्या नळ्यांतून नेऊन आणखी थोडी, कमी दाबाची वाफ काढायची आणि तीही टर्बाइनलाच द्यायची. कागदावर सुंदर. विजेची मागणी वर-खाली झाली तर या दुसऱ्या वाफेने समतोल राखता येत होता. पण नळ्या गळू लागल्या. गळणारी नळी दोन्ही टोकांना बूच मारून बंद करायची, इतकाच उपाय. आणि ज्या पाण्याने त्या गळत होत्या ते भट्टीतलं, म्हणजे किरणोत्सारी.

इथे 'दुरुस्ती' या शब्दाचा अर्थ बदलतो. जिथे किरणोत्सार जास्त, तिथे माणूस तासांवर नाही, मिनिटांवर मोजतात. प्रत्येकाला वर्षाला किती मात्रा घेता येईल याची मर्यादा असते, ती संपली की त्याने आत जायचं नाही. त्यामुळे एका फिटरने दुपारभरात करायचं काम दहा-वीस जणांत वाटलं जातं. पहिला जातो, नट ढिला करतो, बाहेर येतो. दुसरा जातो, नट काढतो. आत जाण्याआधी बाहेर तशाच सांगाड्यावर तालीम करायची, पाना कोणत्या हातात धरायचा इथपर्यंत. सुरुवातीच्या वर्षांत तारापूरच्या इंधनातही गळती होती आणि त्याने फेऱ्यातल्या नळ्या-झडपा आणखी दूषित केल्या. हे काम ज्यांनी केलं, त्यांत कायम नोकरीतले होते तसेच कंत्राटी मजूरही होते. केंद्राच्या इतिहासात तंत्रज्ञांचं कौतुक नीट नोंदलं आहे, पण या माणसांना त्यात एक वाक्यही मिळत नाही.

शेवटी ऐंशीच्या दशकाच्या मध्यात निर्णय झाला: दुय्यम बाष्पजनित्रं फेऱ्यातून काढून टाकायची. प्रत्येक भट्टी २१० वरून १६० मेगावॉटवर आली. दोन्ही मिळून शंभर मेगावॉट गेले, जवळजवळ चौथा हिस्सा. वर्तमानपत्रांत याला अपयश म्हटलं गेलं. मला हा त्या केंद्राच्या आयुष्यातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. आकड्याची लाज न बाळगता यंत्राचा दुखरा भाग कापून टाकला, म्हणून उरलेलं यंत्र पुढची पस्तीस वर्षं चाललं. आणि स्वस्त चाललं. अगदी २०१० नंतरही त्याच्या विजेचा दर युनिटमागे एक रुपयाच्या आत होता.

चावी दुसऱ्याच्या खिशात

भट्टीच्या गाभ्यात इंधनाची २८४ जुडगी असतात, प्रत्येकात ३६ सळ्या. समृद्धीकरण दोन-अडीच टक्क्यांच्या आसपास. हैदराबादच्या न्यूक्लियर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये जुडगी बांधायला आपण लवकरच शिकलो. पण समृद्ध युरेनियम बाहेरूनच यायचं, आणि १९७४ मध्ये पोखरणला स्फोट झाला.

त्या स्फोटात तारापूरचं काहीच वापरलं नव्हतं. केंद्र आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या देखरेखीखाली होतं आणि राहिलं. तरी १९७८ मध्ये अमेरिकेने कायदा केला की ज्या देशाच्या सगळ्या अणुसुविधा देखरेखीखाली नाहीत त्याला इंधन द्यायचं नाही. करार १९६३ चा, कायदा १९७८ चा आणि लागू केला तो मागे जाऊन. ३८ टन इंधनाच्या मागणीवर १९८० मध्ये वॉशिंग्टनमध्ये जे नाटक झालं ते आज वाचतानाही नवल वाटतं. तिथल्या अणुनियामक आयोगाने परवाना नाकारला. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी आपल्या अधिकारात तो दिला. प्रतिनिधिगृहाने मोठ्या बहुमताने विरोध केला. मग सप्टेंबरमध्ये सिनेटने ४८ विरुद्ध ४६ मतांनी कार्टर यांची बाजू राखली. बोईसर-पालघरच्या पट्ट्यात बल्ब पेटणार की नाही, हे दोन सिनेटरांवर येऊन ठेपलं होतं.

त्यानंतरचा मार्ग १९८२ मध्ये निघाला. अमेरिकेच्या संमतीने फ्रान्सने पुरवठा हाती घेतला. १९९३ मध्ये तीस वर्षांचा करार संपला आणि फ्रान्सही थांबला. मग चीन, १९९५ मध्ये. पुढे रशिया, २००१ मध्ये, तेही अमेरिकेच्या नाराजीला न जुमानता. मधल्या टंचाईत नव्वदच्या दशकात आपल्या लोकांनी प्लुटोनियम मिसळलेल्या मिश्र ऑक्साइडची काही जुडगी घडवून गाभ्यात घालून पाहिली. ती चालली. एका केंद्राला चार देशांचं इंधन आणि शिवाय घरचं! शेजाऱ्यांकडून वाटी-वाटी साखर आणून संसार चालवावा तसं हे चाललं. टर्न-की कंत्राटातली चावी म्हणजे नेमकं काय, हे सही करताना कुणी विचारलं नसावं: भट्टी आपली, इमारत आपली, पण ज्याच्या हातात इंधन, चावी त्याचीच.

दोन घरं, एक चूल

दोन भट्ट्या एकाच इमारतीत का, याचं उत्तर पैसा. अनेक व्यवस्था दोघींत सामायिक होत्या. आणीबाणीचे डिझेल जनित्र संच तीन, तेही दोघींना मिळून. साठच्या दशकात हे चालून जायचं. पुढे सुरक्षेची समज बदलली. एका खोलीतली आग किंवा पाणी दोन्ही भट्ट्यांची वीज एकदम तोडू शकतं, हा प्रश्न गंभीरपणे विचारला जाऊ लागला.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी: तारापूर सुरू झालं तेव्हा देशात स्वतंत्र अणुसुरक्षा नियामक नव्हता. अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालं, म्हणजे केंद्र चौदा वर्षं चालल्यानंतर. तोवर केंद्र चालवणारा आणि तपासणारा विभाग एकच. मंडळ झाल्यावरही ते अणुऊर्जा आयोगालाच उत्तरदायी राहिलं. यावर संसदेत, लेखापरीक्षण अहवालात बरीच टीका झाली आणि ती रास्त होती. पण तारापूरपुरतं पाहिलं तर मंडळाने २००० नंतर जुन्या केंद्राचं जे पुनरावलोकन मागितलं ते दिखाऊ नव्हतं. ऑक्टोबर २००५ मध्ये दोन्ही भट्ट्या थांबवल्या गेल्या. जास्त क्षमतेचे नवे डिझेल संच बसले, दोघींचे वीजपुरवठे वेगळे केले गेले, मुख्य नियंत्रण कक्ष निकामी झाला तर पर्यायी नियंत्रण जागा तयार झाली. साडेचार महिन्यांत, फेब्रुवारी २००६ मध्ये, भट्ट्या पुन्हा सुरू झाल्या.

पाच वर्षांनी, ११ मार्च २०११ रोजी, जपानमधल्या फुकुशिमा केंद्रावर त्सुनामी आली. तिथली १ क्रमांकाची भट्टीही जनरल इलेक्ट्रिकच्या रचनेची, उकळत्या पाण्याची, तारापूरपेक्षा वयाने दीड वर्ष लहान. साहजिकच सगळ्या नजरा इथे वळल्या. दोन्हीकडे एक साम्य होतं: वीज गेली तरी गुरुत्वाकर्षणावर भट्टीची उरलेली उष्णता काही तास काढणारा वेगळा, आणीबाणीचा कंडेन्सर. फुकुशिमात तोच घात करून गेला. लाटेने बॅटरीची वीजही गेली, झडपा बंद अवस्थेत राहिल्या आणि कंडेन्सर चालू आहे की नाही हे कित्येक तास कुणालाच नीट कळलं नाही. उपकरण असणं आणि ते चालू आहे हे अंधारात ठरवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यानंतर तारापूरसह सगळ्या केंद्रांत बाहेरून, अगदी अग्निशमनाच्या बंबाने, भट्टीत पाणी घालता यावं अशी जोडणीची ठिकाणं केली गेली.

त्सुनामीचं काय? अरबी समुद्रात तिचं मुख्य उगमस्थान मकरानचा किनारा, तारापूरपासून आठशे किलोमीटरहून लांब. नोव्हेंबर १९४५ च्या तिथल्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या, तेव्हा शक्यता शून्य नाही. पण भूकंप आणि लाट एकाच तासात यावी अशी जपानसारखी स्थिती इथे नाही. जमिनीचं बोलायचं तर २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरी भागात छोट्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडीच्या आदिवासी पाड्यांवर लोकांनी महिनोन्‌महिने रात्री घराबाहेर काढल्या. तिथल्या माणसाला केंद्राबद्दल विचारलं तर तो आधी स्वतःच्या भिंतीची भेग दाखवतो.

पोफरण, अक्करपट्टी आणि मासळी

३ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्यांची हकिगत वेगळी आणि बरीच सुखाची आहे. प्रत्येकी ५४० मेगावॉट, जड पाण्याच्या, आपल्याच रचनेच्या. ४ क्रमांकाचं पहिलं काँक्रीट ८ मार्च २००० ला पडलं आणि ६ मार्च २००५ ला भट्टी सुरू झाली, पाच वर्षांना दोन दिवस कमी. पण या विस्तारासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावं उठली. समुद्राकाठी वाढलेल्या कुटुंबांना आतल्या बाजूला वसाहतीत घरं मिळाली. पुनर्वसनाचा वाद मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं चालला. होडी ओढून ठेवायला दारात वाळू नसलेलं घर कितीही पक्कं असलं तरी ते मच्छीमाराचं घर होत नाही, हे नकाशावर दिसत नाही.

घिवली, उच्छेळी, दांडीचे मच्छीमार सांगतात की सुरक्षेच्या हद्दीमुळे जवळचं पाणी गेलं आणि मासळी लांब गेली. किती केंद्रामुळे, किती औद्योगिक वसाहतीच्या रासायनिक सांडपाण्यामुळे, किती मोठ्या ट्रॉलरमुळे, हे वेगळं काढणं अवघड आहे. नव्या किनारी केंद्रांना सोडलेलं पाणी सात अंशांपेक्षा जास्त तापलेलं नसावं असं बंधन आहे, पण खाडीतल्या रसायनांना थर्मामीटर लागत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि भाव मात्र मासळीचा वाढतो. आता उत्तरेला वाढवण बंदराचं काम आलं आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला त्याची पायाभरणी झाली. त्याच मच्छीमारांच्या हिशोबात आणखी एक ओळ.

२०२० मध्ये १ आणि २ क्रमांकाच्या भट्ट्या मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवल्या गेल्या. मुख्य पाइपिंग बदलण्यासारखी कामं त्यात होती, म्हणजे पुन्हा तीच मिनिटांची गणितं, तीच बाहेरच्या सांगाड्यावरची तालीम. केंद्राच्या आवारात जुन्या इंधनाच्या टाक्याही आहेत. अमेरिकेने दिलेलं इंधन भट्टीतून निघालं की त्याचं पुनर्प्रक्रियण करायला तिची संमती हवी होती, ती मिळाली नाही, आणि परत न्यायलाही ती तयार नव्हती. म्हणून ही जुडगी दशकानुदशकं पाण्याखाली उभी राहिली. आधी जवळजवळ ठेवली, मग जागा पुरेना म्हणून वेगळी टाकी बांधली. पाणी नितळ असतं, वरून पाहिलं तर सळ्यांची डोकी स्पष्ट दिसतात. पाण्याची पातळी, तापमान आणि स्वच्छता दर पाळीला नोंदवली जाते.